कातळावरचे मुक्काम

त्या मे महिन्याची हकीकत आमच्या घरात अजून गंमत म्हणून सांगतात. सांगणारी बहुतेक आत्या असते आणि ऐकणारे पोट धरून हसतात. मी त्या वेळी काहीतरी काम काढून आत जाते. मला त्यात हसण्यासारखं काही सापडलेलं नाही. राग मात्र अजून तसाच्या तसा आहे, म्हणून एकदा माझ्या बाजूने लिहून ठेवते.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. आई माझ्या लहानपणीच गेली. अण्णा, म्हणजे माझे वडील, मुंबईला गोदीच्या एका कचेरीत नोकरी करत आणि खानावळीत जेवत. मुलीला कुठे ठेवायची, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. एका इंग्रजी शाळेला वसतिगृह होतं, म्हणून मी त्या शाळेत गेले. शिक्षणाची हौस वगैरे नंतर लोकांनी त्यांना चिकटवली. रत्नागिरीचं घर पुढे आत्या येऊन सांभाळू लागली. तिचे यजमानही मुंबईलाच होते. सुट्टी लागली की अण्णा आणि मी बोटीने घरी येत असू.

शाळेत मी कमी बोलत असे. रत्नागिरीला आले की त्याहून कमी. इकडे मी बोलले की बायका एकमेकींकडे बघत आणि म्हणत, मडमेची मुलगी आली. त्यामुळे ऐकायची आणि बघायची सवय लागली.

शाळेच्या मधल्या बोळात एक काचेचं कपाट होतं. कुणा मुलीचे वडील रेल्वेत इंजिनियर होते, त्यांनी घाटात बोगदे खणताना निघालेले दगड शाळेला दिले होते. बाहेरून काळे आणि ओबडधोबड, पण फुटलेल्या बाजूने आत पोकळी दिसे आणि पोकळीत स्फटिक. बरेचसे पांढरे, दोन-तीन फिकट हिरवे, एक जांभळा. मधल्या सुट्टीत मुली अंगणात गेल्या की मी तिथे जाऊन उभी राहत असे. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी हे काही दिवस पाहिलं आणि एकदा कपाटाची किल्लीच माझ्या हातात दिली. पुढे त्यांनी शिकवलं ते मी कधी विसरले नाही. दगड आकाराच्या मानाने हलका लागला तर आत पोकळी असते. तो फडक्यात गुंडाळायचा, आणि घाई न करता सगळीकडून बारीक बारीक ठोके देत फिरवायचा, म्हणजे आपोआप चीर जाते. असे दगड काळ्या खडकात मिळतात, ज्याला आमच्याकडे काळवत्री म्हणतात. आमच्या रत्नागिरीत पायाखाली आहे तो तांबडा जांभा. त्यात भोकं पुष्कळ, पण स्फटिक एकही नाही.

मॅट्रिकच्या वर्षी दिवाळीनंतर अण्णांनी एक बातमी आणली. देवरुखच्या बाजूला, घाटाच्या पायथ्याशी, त्यांच्या ओळखीच्या एका खोतांनी विहीर खणायला घेतली होती. काळ्या दगडात सुरुंग लावला की आतून काचेसारखे खडे निघतात आणि गडी ते ढिगावर फेकून देतात, असं खोतांनी सहज पत्रात लिहिलं होतं. मी अण्णांना ते पत्र तीनदा वाचायला लावलं.

ते म्हणाले, "मॅट्रिक झालीस की जाऊ. आखणी तू कर."

आखणी तू कर, असं मला तोवर कुणी काही सांगितलं नव्हतं. काय नेसावं, केव्हा जेवावं, कुठल्या बोटीने यावं, सगळं दुसरे आखत. मी एक जाड पुठ्ठ्याची वही घेतली. शाळेतल्या नकाशावरून रस्ता उतरवला. बैलगाडी दिवसाला किती जाईल, कुठल्या नद्यांची पात्रं मे महिन्यात कोरडी असतात, काळा दगड कुठे सुरू होतो, सगळं इंग्रजीत नीट लिहिलं. अण्णांनी बाजारातून एक लहान, बोथट तोंडाची हातोडी आणून दिली. ती मी उशाशी ठेवत असे. वसतिगृहातल्या मुली त्यावरून काय काय म्हणत, ते असो.

अण्णा दर रविवारी भेटायला येत आणि वही मागून घेत. मी आखलेला रस्ता रत्नागिरीहून सरळ पूर्वेला जात होता. त्यांनी आधी तो उत्तरेला वळवून जयगडला नेला. मग मधली दोन गावं घातली. विहिरीच्या पुढेही दोन मुक्काम वाढवले. प्रत्येक मुक्कामापुढे समासात ते मोडीत काहीतरी खरडत. मोडी मला येत नाही. इंग्रजी शाळेत ती कोण शिकवणार? अण्णांच्या पिढीचं मात्र सगळं लिहिणं मोडीतच चाले. मी एकदा विचारलं, काय लिहिता? ते म्हणाले, मुक्कामाची व्यवस्था. ते खोटंही नव्हतं.

मी त्यांना सांगितलं होतं की जयगडकडे सगळा जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ, आहे, तिथे काही मिळायचं नाही. ते म्हणाले की असू दे, समुद्र बघू. समुद्र आम्ही जन्मभर बघतच होतो. तरी मला बरं वाटलं. अण्णांना दगडांतलं कळत नाही, पण माझ्या कामात मन घालतात, असं मी समजले. चार वेळा नवा नकाशा काढला, चांगली शाई वापरून. जांभा आणि काळा दगड मला डोळे मिटून हाताने ओळखता येत होता, आणि एवढी साधी गोष्ट ओळखता आली नाही.

परीक्षा झाली, आम्ही घरी आलो. आत्याने ट्रंक भरायला घेतली होती. तीत माझ्या आईचा शालू होता, मोत्यांच्या कुड्या होत्या आणि अत्तराची कुपी होती. दगड वेचायला शालू कशाला, असं मी विचारलं. आत्या म्हणाली, "लोकांच्या घरी उतरायचं म्हणजे बरं दिसायला नको का गो?" मग तिने माझे हात उलटेपालटे करून पाहिले. नखं तुटलेली होती आणि उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. त्या दिवसापासून ती रोज सकाळी साय आणि हळद घेऊन माझ्या हातांच्या मागे लागली. हातोडी तिने पिशवीतून काढून गाडीच्या बैठकीखाली टाकली, का तर म्हणे हाताला लागेल.

गाडीवान म्हातारा, आमच्या नेहमीचा. पहिल्याच सकाळी सड्यावर आलो तेव्हा मी त्याला विचारलं की काळा दगड कुठून लागतो.

"हितं कुठला काला दगड, ताई. कातळ हाय सगला. काला गावंल तो घाटाच्या अंगाला."

मग आपण इकडे का चाललोय, असं मी म्हटलं. त्याने बैलांच्या शेपटांकडे बघत सांगितलं की ते अण्णांना ठाऊक, आणि तंबाखूची गुळणी धरून हसला. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. बैलांनाही असावं.

जयगडला खाडीच्या वरच्या अंगाला एका घरी उतरलो. ओटीवर सात-आठ माणसं आधीच बसलेली होती. आत्याने मला माजघरात नेऊन नऊवारी नेसवली. मला पाचवारीची सवय, चालताना पाय अडकत होते. पोहे झाले. मग घरच्या यजमानांनी मला देवघराजवळचा तांब्या आणायला सांगितला. मी आणला. ओटीवर दुसरा भरलेला तांब्या होताच, आणि मी आणलेल्यातलं पाणी कुणी प्यालं नाही. मग एक जुनं इंग्रजी वर्तमानपत्र पुढे करून वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. तिथे कुणालाच ते समजलं नसावं. खांबाला टेकून एक तरुण बसला होता, तो सबंध वेळ स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. मला वाटलं, इंग्रजी शाळेतली मुलगी म्हणून कुतूहल असेल. असं वाटून घेतलं, हे जास्त खरं.

दुसऱ्या मुक्कामाला तेही करता आलं नाही. तिथे घरातल्या वडील बाईंनी माझी वेणी हातात धरून खाली ओढली, आत खोट्या केसांचं गंगावन आहे का ते बघायला. मग हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. मी आत्याकडे पाहिलं. आत्या पंख्याने वारा घेत होती आणि प्रसन्न दिसत होती.

आमच्याकडे गावं एकमेकांपासून लांब, मधे खाड्या आणि सडे. म्हणून मुलीकडची माणसंच मुलीला गाडीत घालून गावोगाव दाखवत नेतात. आणि नेतात ती मे महिन्यात, कारण मुंबईला नोकरी करणारे मुलगे तेव्हा रजेवर घरी आलेले असतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शेजारच्या मुली अशा गेलेल्या मी पाहिल्या होत्या. मी मे महिना ठरवला होता तो नद्यांची पात्रं कोरडी असतात म्हणून.

गाडी सड्यावरून परत चालू लागल्यावर मी विचारलं, "आत्या, हे काय चाललंय?"

"काय चालायचंय? माणसं माणसांना बघतात."

"मला बघतात."

"मग काय बैलांना बघतील?"

अण्णा पुढे गाडीवानाच्या शेजारी छत्री उघडून बसले होते. त्यांना ऐकू गेलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, छत्री मात्र थोडी मागे कलती केली. आत्या मला समजावत राहिली की तुझे दगड कुणी पळवून नेत नाही, दगड दगडांच्या जागी, हे एकदा होऊन गेलं की बापाच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं तर गाडी रत्नागिरीला वळेल, हे मला दिसत होतं. विहीर अजून दोन दिवस पुढे होती. दिवाळीपासून मी तिची वाट बघत होते. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो, कारण ते माझं स्वतःचं होतं.

तिसरा मुक्काम कचेरीतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थांकडे होता. त्यांचा नातू पुण्याला वकिली शिकत होता. गृहस्थ बोलके आणि खुशीत होते. तांब्याचा प्रकार झाला. मग अण्णा त्यांना सांगू लागले की मुलगी अभ्यासू आहे, स्वयंपाक शिकेल, दगड जमवायचा एक नाद आहे पण तो काय, लग्न झालं की सुटेल. मी खाली मान घालून बसले होते. हातोडी आणून देणारा माणूस हे बोलत होता. आवाजात काही चोरटेपणा नव्हता, पाऊस सात जूनला येईल असं सांगावं तसं सांगितलं.

आजोबा म्हणाले की मुलीचं इंग्रजी अक्षर बघायचं आहे. आत्या आनंदाने उठली आणि पिशवीतून माझी वही घेऊन आली. अण्णा तेव्हा पानाला चुना लावत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. आजोबांनी चष्मा चढवला, वहीचं पान लांब धरलं, अक्षर मोत्यासारखं आहे म्हणाले. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. नजर आपोआप समासाकडे गेली. सगळा जन्म कचेरीत मोडी कागद मोठ्याने वाचून दाखवण्यात गेलेला माणूस, त्यांनी सवयीने वाचायला सुरुवात केली.

"जयगड. मुलगा बोटीच्या कंपनीत. रंग सावळा. मुलाची आई कजाग, असे ऐकिवात."

ओटीवर लोक हसले. आजोबाही हसले. अण्णांचा हात चुन्याच्या डबीवर थांबला. आजोबांनी पुढचा मुक्काम वाचला, त्यातल्या मुलाला दमा असल्याचा संशय होता. तेव्हा हसणं जरा कमी झालं, कारण त्या घराशी यांचा संबंध असावा. मग ते स्वतःच्या गावावर आले. कागद हातात घेतला की तो शेवटपर्यंत वाचायचा, ही त्यांची सवय.

"येथे मुलगा वकिली शिकतो. दोनदा नापास. आजोबा फार बोलतात, पण माणसे खानदानी. इतरत्र न जमल्यास विचार करावा."

ओटीवरचे दोघे उठून अंगणात गेले. मला तोवर कळलं नव्हतं की अण्णांनी हे सगळं माझ्याच वहीत, माझ्या नकाशाच्या शेजारी लिहिलं होतं. लपवलंही नव्हतं. मला वाचता येत नाही, म्हणजे लपवायची गरजच नव्हती. दर रविवारी मी त्यांच्या शेजारी बसून ती अक्षरं उमटताना पाहिली होती आणि त्यांना दौत धरून दिली होती.

आजोबांनी वही मिटली. अण्णांनी हात पुढे केला होता, पण त्यांनी ती मला दिली. "अक्षर खरंच छान आहे हो बाळ," एवढं म्हणाले आणि आत गेले. रात्रीचं जेवण व्यवस्थित वाढलं गेलं, आमरससुद्धा. कुणी आग्रह केला नाही. सकाळी निरोप द्यायला दारात कोणी नव्हतं.

गाडीत आत्या रडायला लागली. चार गावांत तोंड दाखवायला जागा राहिली नाही, आणि वही कुणाची तर माझी, म्हणून दोषही माझा. अण्णांनी गाडीवानाला रत्नागिरीची वाट धरायला सांगितलं.

मी म्हटलं, "विहिरीकडे."

अण्णा पहिल्यांदा मागे वळले. आता कशाला, अशा परिस्थितीत कुठे जायचं, खोतांना काय सांगायचं, असं बरंच बोलले. मी ऐकून घेतलं. माझा आवाज मोठा होत नाही, तेव्हाही झाला नाही.

"मी तीन घरांत बसले. तांब्या आणला, वाचून दाखवलं, वेणी ओढू दिली. एक शब्द बोलले नाही. आता विहिरीकडे चला. तिथे कुणी मुलगा नाही."

अण्णांनी छत्री मिटून मांडीवर घेतली. मग गाडीवानाला म्हणाले, "ने."

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना पोचलो. खोत घरी नव्हते. सुरुंगाचं काम संपलेलं होतं, विहिरीला पाणी लागलं होतं आणि वडार लोक काठाशी जेवत बसले होते. शेजारी पुरुषभर उंचीचा काळ्या दगडांचा ढीग होता. उन्हात त्याच्यावर जागोजाग काहीतरी लकाकत होतं. कपाटात होते तसेच, पण कपाटात वीस-पंचवीस होते आणि इथे मोजता येणार नाहीत इतके. बैठकीखालची हातोडी काढून मी ढिगावर चढले.

पायाखाली फुटलेल्या पोकळ्या होत्या, काहींच्या कडेला पांढरे कण, एकीत हिरवट. मला आनंद व्हायला हवा होता. मी तो शोधत होते. डोक्यात मात्र आजोबांचा वाचायचा आवाज चालू होता. मग एक अखंड दगड हाताला लागला, असोल्या नारळाएवढा. उचलला तर इतका हलका की मी दचकले. बाईंनी सांगितला होता तसाच. फडकं माझ्या कमरेलाच होतं. कसा फोडायचा ते मला पाठ होतं.

मी तो दुसऱ्या दगडावर ठेवला, हातोडी दोन्ही हातांनी धरली आणि सगळा जोर लावून एकच घाव घातला.

आत पांढऱ्या, लांब सुयांचा गुच्छ असावा. असावा, कारण उरलं ते पीठ आणि कपच्या. मी दुसरा घेतला, तिसरा घेतला. वडारांच्या बायका जेवण थांबवून बघत होत्या. त्यांना वाटलं असेल, ही बाई आपलंच काम फुकट करते आहे. किती फोडले ते आठवत नाही. एकही नीट फोडला नाही.

अण्णा गाडीतून उतरून आले. त्यांनी खाली बसून पहिल्या दगडाची एक कपची उचलली, तळहातावर घेऊन उन्हात फिरवली. हळहळले ते खरोखर हळहळले.

"केवढा चांगला होता. हळू हळू ठोकायचं असतं ना? तूच सांगितलं होतंस."

मी म्हटलं, "तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"नाही."

"मग?" ते म्हणाले.

त्यांना वाटलं, आपण उत्तर दिलं. चेहऱ्यावर रागही नव्हता, लाजही नव्हती. दोन अधिक दोन सांगून झाल्यावर मास्तर मुलाकडे बघतात तसे बघत होते. मी आले नसते, म्हणून सांगितलं नाही. यात न समजण्यासारखं काय आहे? त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की त्यांनी माझा विश्वासघात केला. तिथे कळलं की त्यांच्या मते असं काही घडलंच नव्हतं.

मी ढिगावरून एकही खडा घेतला नाही. घ्यावासाच वाटला नाही. ती ओढच त्यांनी माझ्याकडून घेतली, आणि ती समासातल्या कुठल्याही नोंदीत नव्हती.

परतीच्या वाटेवर, संगमेश्वरच्या अलीकडे बैल सोडले होते तेव्हा, अण्णांनी विषय काढला. विहिरीच्या पुढचे दोन मुक्काम राहिले होते. ती माणसं वाट बघत असतील, त्यांना काहीतरी कळवायला हवं. मला म्हणाले, काय कळवू? त्यांनी मला विचारलं, याचं आत्याला आजही फार कौतुक आहे. बघा, शेवटी मुलीला विचारलं की नाही, असं ती गोष्ट संपवताना म्हणते.

मी उत्तर दिलं होतं, तेवढं ती सांगत नाही. मी म्हटलं होतं, "कळवा, की मुलीला विचारलंच नव्हतं."

अण्णांनी मान डोलावली, आणि माझी प्रकृती बरी नसल्याचं कळवलं.